रंग मारला तरी गंज परत का येतो? कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी निदान आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. दाराच्या खालच्या कडेला तांदळाएवढे दोन-चार फोड आले. दिवाळीनंतर गाडी डेंटर-पेंटरकडे दिली, त्याने घासून पुट्टी भरली, रंग मारला, पॉलिश करून दिलं. मे महिन्यापर्यंत जागा ओळखूही येत नव्हती. गणपतीत गाडी धुताना पाहिलं तर तिथेच पुन्हा फोड, आणि या वेळी वीतभर लांब. मालक पेंटरला दोष देतो, पेंटर कंपनीच्या पातळ पत्र्याला. पण दोघंही बाहेरून बघत असतात, आणि दाराच्या कडेचा गंज जवळजवळ नेहमी आतून येतो.

त्याच जागी गंज परत फुटण्याची कारणं मोजकी आहेत. पत्र्याच्या आतल्या बाजूला पाणी थांबतं आणि ते कुणी बाहेर काढत नाही. घासताना वरचा तांबडा थर निघतो, पण पत्र्यातल्या बारीक खड्ड्यांत काळा गंज आणि मीठ तसंच राहतं. शिवाय पुट्टी थेट उघड्या पत्र्यावर भरली जाते आणि वर ती पाण्याने घासली जाते. यातलं एक जरी सुटलं तरी काम टिकत नाही. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, वसई किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या गाड्यांत तर सहसा तिन्ही एकत्र सापडतात.

मीठ नेमकं काय करतं

बाहेरचा पत्रा साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यात त्यावर आधी फॉस्फेटचा थर चढतो, मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ईडी कोट दिला जातो, त्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर, म्हणजे सर्वांत वरचा पारदर्शक थर. हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन. गंजापासून खरं संरक्षण तो २० मायक्रॉनचा ईडी कोट देतो, आणि एकदा ग्राइंडरने उडवला की गॅरेजमध्ये तो परत आणता येत नाही. म्हणून जिथे मूळ थर पक्का आहे तिथे ग्राइंडर लावू देऊ नका.

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरतात. मीठ आलं की पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. त्यातही किनाऱ्यावरची अडचण अशी की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढतं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. त्यामुळे गाडी छपराखाली उभी असली आणि अंगावर पावसाचा थेंब पडला नसला, तरी दाराच्या घडीत अडकलेलं मीठ जून ते सप्टेंबर ओलंच राहतं. ‘गाडी तर पोर्चमध्येच असते’ हे म्हणणं इथे कामाला येत नाही.

गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वर दिसणारा फोड नखाएवढा असेल तर खालचा गंज बहुधा त्याच्या दुप्पट-तिप्पट पसरलेला असतो.

आधी निदान, मग घासणं

केशरी ठिपके सगळ्या गाडीभर, विशेषतः पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर आणि टपावर दिसत असतील, तर घाबरू नका. रेल्वे स्थानकाबाहेर किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानाजवळ गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे बारीक कण उडून क्लिअरवर रुततात आणि ते गंजतात. पत्रा खाली शाबूत असतो. असे कण विरघळवणारं द्रव मिळतं, मारल्यावर ते जांभळं होतं. पाच मिनिटांत, सुकण्याआधी धुऊन काढायचं. उरलेले कण क्ले बारने, म्हणजे रंगावरून फिरवायच्या मऊ चिकणमातीसारख्या वडीने, निघतात. अशा ठिपक्यांवर पॉलिश पेपर चालवणं म्हणजे चांगल्या रंगाची नासाडी.

बोनेटच्या पुढच्या कडेला किंवा दाराच्या हँडलजवळ दगडाने टवका उडून तिथेच तांबूस दिसत असेल, तर तो बाहेरून आलेला गंज. हा लवकर धरला तर सुट्टीच्या एका सकाळी घरी निस्तरता येतो.

फोड मात्र पत्र्याच्या टोकाला, घडीला किंवा जोडावर असतील तर गंज आतून आला आहे असं धरूनच चाला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहा. पक्क्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. टोक लावून अंगठ्याच्या जोराने दाबल्यावर पत्रा दबला किंवा आत गेला, तर तिथे रंगकामाचा प्रश्न उरला नाही, पत्रा कापावा लागणार. जुनी गाडी घेत असाल तर एक पातळ चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालून, मागच्या चाकांच्या कमानीवरून आणि रनिंग बोर्डवरून (दारांखालचा उंबरठ्यासारखा पत्रा) फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे.

समोरच्या काचेच्या कडेला फोड असतील आणि काच कधी बदलली असेल, तर कारण बहुतेक तिथेच आहे. जुनी काच कापताना पात्याने चौकटीचा रंग ओरखडला जातो आणि त्यावर प्रायमर न लावता नवा गोंद भरला की पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत गंज गोंदाखालून चालत येतो. काच काढल्याशिवाय हे दुरुस्त होत नाही. नवी काच बसवून घेताना ओरखड्यांवर प्रायमर लावून, तो वाळल्यावरच गोंद लावा असं आधी सांगा आणि त्या वेळी समोर उभे राहा.

बाहेरून बसवलेल्या वस्तूही तपासा. मडफ्लॅपचे स्क्रू थेट चाकाच्या कमानीच्या पत्र्यात घुसवलेले असतात आणि त्या भोकांच्या कडा उघड्या असतात. दाराच्या कडेला लावायची यू आकाराची पट्टी पाणी आणि माती धरून ठेवते. दाराचं रक्षण करायला म्हणून ती लावली जाते आणि दार तिथेच सडतं. किनाऱ्यावरच्या गाडीला ती लावूच नये.

पाणी कुठे थांबतं ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रंगाचं काम कुणीही चांगला पेंटर करील, पाण्याची वाट मात्र मालकानेच शोधलेली बरी.

दाराच्या आत पावसाचं पाणी जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही. काचेलगतच्या बाहेरच्या रबरातून थोडं पाणी आत उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या दोन ते चार भोकांतून किंवा फटींतून बाहेर पडतं, अशीच रचना असते. ही भोकं तांबड्या मातीने, पानांच्या चुऱ्याने किंवा, फार वेळा, गॅरेजमध्ये मारलेल्या काळ्या कोटिंगनेच बुजतात. मग दाराच्या तळात पाणी साचतं आणि बाहेरचा पत्रा जिथे आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो त्या घडीत शिरतं. घडीच्या आत रंग नीट पोचलेलाच नसतो.

तपासायचं असं: काच बंद करा, दार लावा, काचेच्या बाहेरून रबरावर एक लिटर पाणी हळूहळू सोडा आणि खाली वाकून बघा. मिनिट-दोन मिनिटांत पाणी धारेने बाहेर यायला हवं. दहा मिनिटांनीही थेंबथेंब गळत असेल, किंवा दार झटकन उघडल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज येत असेल, तर निचरा बंद आहे. भोकं मोकळी करायला खराट्याची हीर किंवा नायलॉनची केबल टाय वापरा. स्टीलची तार नको, ती भोकाच्या कडेचा रंग खरवडते आणि तिथून नवा गंज सुरू होतो. भोक मोकळं झालं की नळीने हळू धार सोडून आतला गाळ वाहून जाऊ द्या; पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं.

पुढच्या चाकामागे मडगार्डचा खालचा कोपरा सडत असेल तर चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर काढा. क्लिपा आणि स्क्रू काढून ते निघतं, आणि मागून बहुधा ओंजळभर माती पडते. कोकणातली जांभ्याची माती चिकट, ओलावा धरून ठेवणारी; पावसाळा संपून दोन महिने झाले तरी ती आतून दमट असते. मागच्या चाकाच्या कमानीला आतल्या बाजूने पत्र्याची बोटभर रुंद ओठासारखी घडी असते. तिथेही बोट फिरवून माती काढा.

वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत पानं साचली की पाणी बाजूच्या निचऱ्यातून न जाता ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. आंबा, फणस, बकुळीखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा प्रकार हमखास असतो. बोनेट उघडून जाळीच्या दोन्ही टोकांना हात घालता येतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तिथला कचरा काढा. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून खाली येणाऱ्या नळ्याही बुजतात.

कार्पेट ओलं लागत असेल तर पाणी कुठलं ते आधी ठरवा. एसी चालवल्यावरच आणि डाव्या सीटच्या पायाशी स्वच्छ पाणी येत असेल, तर एसीची निचरा नळी बुजली आहे. चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट गळतं आहे. पावसानंतरच येत असेल तर दाराच्या पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा बघा. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडो दुरुस्त करताना तो फाडला जातो आणि परत कुणी चिकटवत नाही. तो बुटाइल टेपने सगळ्या बाजूंनी बंद करा. तरी उगम सापडला नाही तर एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून नळीने पाणी मारा, सुरुवात खालून करून वर जायचं आणि प्रत्येक जागी पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

ओलं कार्पेट वरून वाळवून उपयोग नाही. त्याखालचा जाड फेल्ट किंवा फोम पाणी महिनाभरही धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा त्याखाली मुकाट्याने कुजतो. सीट काढा, कार्पेट आणि फेल्ट बाहेर उन्हात टाका, तळ उघडा ठेवून दोन दिवस वाळू द्या. मुंबईत राहणाऱ्यांची गावी पावसाळाभर बंद ठेवलेली गाडी असेल तर हे काम गणपतीत नक्की करा.

काम करण्याचा क्रम

हवा कोरडी असताना काम घ्या: नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी, सकाळचं दव उडाल्यानंतर दुपारी चारपर्यंत. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्याच्या, किमान ३ अंश वर हवं. बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर येतो, म्हणजे फरक ३ अंशांहून कमी उरतो आणि डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसते. जुलैमध्ये ‘लगेच करून देतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पावसाळ्यात फोड फुटलाच तर सैल रंग काढून, धुऊन, वाळवून त्यावर मेण किंवा ग्रीस लावा आणि दिवाळीपर्यंत थांबा.

सैल रंग आणि पापुद्रे खरवडणीने काढा. मग तारेचा ब्रश किंवा ८० नंबरचा पेपर. फोडाच्या कडेपासून चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर पुढे जा, जोवर रंगाची कड पत्र्याला घट्ट चिकटलेली सापडत नाही तोवर. त्यापुढची कड १८० नंबरने हाताने उतरती करा. ग्राइंडर वापरायचाच तर काचा आणि शेजारचे पत्रे जाड ओल्या कापडाने झाका. ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडी कण; ते काचेत आणि रंगात रुततात आणि आठवड्याभरात तिथे नवे केशरी ठिपके उमटतात.

आता पत्रा चकाकतो आहे, पण त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतील. हेच खड्डे. फ्लॅप डिस्क (ग्राइंडरला लावायची पेपरच्या पट्ट्यांची चकती) खड्ड्यांच्या तोंडावर धातू पसरवून ते झाकते आणि काम झाल्यासारखं वाटतं. काळा ठिपका म्हणजे गंज, आणि त्याच्या तळाशी क्लोराइड असतं. बारीक वाळूचा मारा करणारा स्पॉट ब्लास्टर मिळाला तर सर्वांत उत्तम. नाही तर असं करा: आधी साध्या गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने जागा रगडून धुवा, तीन-चार वेळा, शेवटची खेप बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने. बोअरिंगचं पाणी नको. मग फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज काढायचं जेल लावा, डब्यावर लिहिलेल्या वेळेपुरतं, सहसा १५ ते ३० मिनिटं, आणि तेवढा वेळ ते ओलं ठेवा. वाळू दिलं तर पांढरट पूड बसते आणि वरचा प्रायमर धरत नाही. ब्रशने घासून पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने धुवा, कापडाने टिपा, हीट गनने किंवा केस वाळवायच्या यंत्राने पत्रा हाताला गरम लागेपर्यंत वाळवा. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

यानंतर एक तास काहीच करू नका, फक्त बघत राहा. मीठ उरलं असेल तर खड्ड्यांभोवती तपकिरी टिंबं उमटतात. सगळ्या पत्र्यावर एकसारखी फिकट झाक आली तर ती नुसती ओल, पुसून हलका पेपर मारला की जाते. पण ठिपक्याठिपक्यांनी आलेला गंज म्हणजे धुण्याची एक फेरी परत करायची. बहुतेक गॅरेजांत ही तासाभराची कळ काढली जात नाही, आणि पुढच्या गणपतीतला फोड इथेच ठरतो.

गंजाचाच काळा थर बनवणारे टॅनिक आम्लाचे कन्व्हर्टर बाजारात पुष्कळ आहेत. जिथे ब्रश आणि पेपर पोचत नाही अशा तळाच्या कोपऱ्यांत ते ठीक. बाहेरच्या दिसणाऱ्या पत्र्यावर मात्र उघडा धातू आणि त्यावर इपॉक्सी प्रायमर, यापेक्षा भरवशाचं काही नाही. कन्व्हर्टरवर इपॉक्सी चालतो असं दोन्ही डब्यांवर लिहिलेलं असेल तरच ते एकावर एक घ्या.

पत्रा तयार झाला की वॅक्स-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा, एका कापडाने लावा आणि दुसऱ्या कोरड्याने उचला. त्यानंतर हात लावू नका. त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात, मध्ये डब्यावर दिलेला वेळ, साधारण १५ ते २० मिनिटं. हार्डनरचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं, म्हणून डबा वाचा आणि मापाच्या पेल्यातच मिसळा, अंदाजाने नाही. रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक, गाडीच्या पत्र्याला नको. तो एका भागाचा, पाणी झिरपू देणारा थर आहे आणि वर टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा) रंग मारला की सुरकुततो.

पुट्टी लागणारच असेल तर ती इपॉक्सीच्या वर, त्याला १८० नंबरने खरखरीत करून. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि ती पाणी शोषते. उघड्या पत्र्यावर भरलेली पुट्टी म्हणजे पत्र्याला कायमची ओल. १०० ग्रॅम पुट्टीला २ ते ३ ग्रॅम हार्डनर पुरतो. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर तो वरच्या रंगातून डाग होऊन उमटतो. मिसळल्यावर हातात चार-पाच मिनिटंच असतात, उन्हात त्याहून कमी. जाडी २-३ मिलिमीटरच्या वर नको; खड्डा त्याहून खोल असेल तर पत्राच आधी ठोकून वर आणायला हवा. आणि पुट्टी कोरडीच घासा: ८०, मग १८०, मग ३२०. पाणी मारून वॉटर पेपरने पुट्टी घासायची सवय आपल्याकडे घट्ट बसलेली आहे, धूळ उडत नाही म्हणून पेंटरला ती बरीही वाटते. पण ते पाणी पुट्टीत मुरतं आणि वरून रंगाचं झाकण बसतं. गाडी देतानाच हे ठरवून घ्या, मास्क आणून द्यावा लागला तरी द्या.

पुढचं नेहमीचं: टू-के सरफेसर, ४०० ते ६०० नंबर, बेस कोटचे दोन-तीन हात, क्लिअरचे दोन. टू-के हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतं, त्यामुळे घरच्या बंद पडवीत हे फवारू नका. छोट्या टवक्यांसाठी ब्रशवाला टच-अप पुरतो. पातळ तीन-चार थर द्या, दोन थरांत अर्धा तास.

रंग पक्का झाल्यावर आतली बाजू. दाराच्या घडीला आतून सीम सीलरची (पत्र्याचे जोड बुजवायची लवचिक पेस्ट) सलग पट्टी द्या, पण निचऱ्याच्या फटी सोडून. पत्रा पूर्ण कोरडा असेल तरच, कारण ओल्या घडीवर सीलर मारणं म्हणजे पाणी आत कोंडणं. सीलर वाळला की कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पत्र्याच्या पोकळीत आतून फवारायचं मेण. लांब नळी आणि चहूबाजूंनी फवारणारा नोझल निचऱ्याच्या भोकातून किंवा पॅडच्या क्लिपच्या भोकातून आत घाला आणि नळी मागे ओढत फवारा. एका दाराला साधारण १०० मिली पुरतं. हा क्रम उलटा करू नका, मेणावर सीलर धरत नाही. दुसऱ्या दिवशी हीर घालून भोकं पुन्हा मोकळी करा, कारण ओघळलेलं मेण तिथेच येऊन थिजतं.

भोक पडलं असेल तर

बाहेरच्या कातडीला, म्हणजे दाराच्या किंवा मडगार्डच्या खालच्या टोकाला भोक असेल तर सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा बसवतात. भोकात वर्तमानपत्र किंवा जाळी कोंबून वर फायबर आणि पुट्टी थापली तर वर्षभरात पुट्टीचा गोळाच गळून पडतो.

रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, सस्पेन्शनचे माउंट, सीट बेल्टचे नट आणि चॅसिसच्या पट्ट्या यांवर गाडीची ताकद उभी असते. तिथे फायबर, पुट्टी, रिव्हेट काहीही चालणार नाही. कापून वेल्डिंगच हवं, आणि ते सीओटू वेल्डिंगने, ०.८ मिलिमीटरच्या तारेने, थोडं थोडं जागा बदलत. गॅस वेल्डिंगने आजूबाजूचा हातभर पत्रा तापतो, वाकडा होतो आणि मागच्या बाजूचा रंग जळून जातो. पितळेची झाळ लावली तर तिच्यातला फ्लक्स नीट धुतला नाही म्हणून तिथे नवा गंज धरतो. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कार्पेट आणि वायरिंग बाजूला करा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. जस्त चढवलेला पत्रा असेल तर धूर छातीत जाऊ देऊ नका. वेल्ड झाल्यावर मागची बाजू उघडी राहते. तिथे कॅव्हिटी वॅक्स न मारता पेटी बंद केली तर जोड आतूनच सडतो.

खाली वाकलात की ब्रेकच्या लोखंडी नळ्याही बघा. वरवर तांबूस असतील तर ठीक, पण नखाला खड्डे लागत असतील किंवा खवले निघत असतील तर त्या बदलाव्याच लागतात. त्यात थांबण्यासारखं काही नाही.

काळं कोटिंग आणि जळकं ऑइल

रबरी किंवा डांबरी अंडरबॉडी कोटिंग नव्या, कोरड्या, स्वच्छ तळावर चांगलं काम करतं. गंजलेल्या किंवा मिठाच्या तळावर मारलं तर ते वरून काळं-गुळगुळीत दिसतं आणि खाली पाणी धरून ठेवतं. दोन-तीन वर्षं जुनं कोटिंग ठोकून बघा. पोकळ वाजलं तर तेवढा भाग खरवडून काढा. तळ धुतल्यावर किमान एक दिवस वाळल्याशिवाय कोटिंग मारू देऊ नका आणि आधी सगळी निचऱ्याची भोकं मास्किंग टेपने बंद करून घ्या. सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश आणि सेन्सर यांवर ते जाता कामा नये. कोकणातल्या जुन्या गाड्यांसाठी मेणाच्या जातीचं कोटिंग आम्हाला जास्त पटतं. ते दरवर्षी थोडं मारावं लागतं, पण तडकत नाही आणि खाली काय चाललं आहे ते दिसतं.

जळकं इंजिन ऑइल डिझेलमध्ये मिसळून तळाला फवारायची पद्धत अजून आहे. पत्र्याला ते काही दिवस झाकतं, हे खरं. पण त्याने रबरी बुश आणि बूट फुगतात, धूळ चिकटून लगदा होतो, आणि पहिल्याच मोठ्या पावसात बरंचसं ऑइल विहिरीच्या वाटेला लागतं.

धुणं

भरतीच्या रेषेजवळची विहीर किंवा बोअरिंग एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्या पाण्याने रोज गाडी पुसणं म्हणजे रोज मिठाचा हात देणं. जिभेला चव लागली तर ते पाणी गाडीला वापरू नका. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. पुळणीवर गाडी नेऊच नये. दाभोळ-धोपावे, वेशवी-बागमांडला, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींच्या उतारावर गाडी खाऱ्या पाण्यातून गेली असेल तर त्याच दिवशी तळ गोड्या पाण्याने धुवा: दहा-पंधरा मिनिटं, चाकांच्या कमानी, चॅसिसच्या पट्ट्यांची भोकं, मागचा ॲक्सल. मग पाच-दहा किलोमीटर चालवून पाणी झटकू द्या, ओली गाडी कव्हर घालून उभी करू नका. प्लास्टिकचं कव्हर तर पावसाळ्यात नकोच.

मासळीच्या पिकअपचं दुखणं वेगळं. क्रेटमधून खारं बर्फाचं पाणी सतत हौद्याच्या जोडांत उतरतं आणि हौदा आतून तीन-चार वर्षांत जातो. हौद्याच्या कडांना सीलर, तळाला उतार देऊन मागे नळी काढणं, आणि रोज गाडी रिकामी झाल्यावर गोड्या पाण्याची धार, एवढं केलं तर तोच हौदा बराच काळ टिकतो. नळीचं तोंड चॅसिसवर गळणार नाही असं बाहेर काढा.

वर्षाचं वेळापत्रक फार मोठं नाही. मे अखेरीस दारांची भोकं, वायपरखालची जाळी आणि चाकांची अस्तरं साफ करायची, टवक्यांना टच-अप लावायचा, मेणाचा पातळ हात द्यायचा. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की तळ धुऊन, वाळवून टॉर्चने बघायचा, कार्पेटखाली हात घालायचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेताना तपासणी होते. तळ सडलेला असेल तर अडचण तिथे येते, म्हणून रनिंग बोर्डचं वेल्डिंग त्याआधीच्या हिवाळ्यात उरकून घ्या.